आमचं वेगळं काढलंय

डिसेंबर उजाडला की आमच्या ऑफिसात एक मेल येतो. मेडिक्लेमची एनरोलमेंट विंडो उघडली आहे, बारा तारखेला संध्याकाळी पाचला बंद होईल, तोपर्यंत पोर्टलवर जाऊन आपापली माणसं भरा. त्यानंतर वर्षभर काही बदलता येत नाही, लग्न झालं किंवा मूल झालं तरच, आणि तेही तीस दिवसांच्या आत कळवलं तर. गेली नऊ वर्षं मी हा मेल वाचून "करू नंतर" म्हणत आलेय, आणि काही केलं नाही तरी मी, नवरा आणि लेक एवढे आपोआप पुढे चालू राहतात, ५ लाखांचं फ्लोटर, म्हणजे तिघांत मिळून एकच कव्हर, कंपनीच्या पैशाने. त्यामुळे कधी खोलात शिरायची वेळ आली नाही.

यंदा शिरले. कारण अण्णा.

अण्णा म्हणजे माझे वडील. एपीएमसीच्या कांदा-बटाटा मार्केटमध्ये एका गाळ्यावर त्यांनी एकतीस वर्षं हिशेब लिहिला. पेन्शन नाही, मेडिकल नाही, शेठ चांगला होता म्हणून दिवाळीला एक पाकीट आणि वर एक गोणी कांदा. दोन वर्षांपूर्वी त्यांची अँजिओप्लास्टी झाली, एक स्टेंट पडला आणि बिल झालं २ लाख ७० हजार. थोडी एफडी मोडली, थोडं दादाने सोनं गहाण ठेवून आणलं, थोडं मी. ते फिटलं एकदाचं, पण त्या चार दिवसांत हॉस्पिटलच्या कॅश काउंटरवर दर सकाळी "आज किती भरताय?" विचारायचे ना, ते अजून कानात आहे. तेव्हा ठरवलं होतं की आईअण्णांचं काहीतरी करायचंच. मग ठरवण्यात दोन वर्षं गेली, आपली पद्धतच तशी.

मधे बाहेर प्रयत्न करून पाहिला होता. एका कंपनीने स्टेंट आणि शुगर एकत्र ऐकूनच नाही म्हटलं. दुसरी हो म्हणाली पण प्रीमियमवर भलंमोठं लोडिंग, म्हणजे आजारामुळे लावलेले जादा पैसे, आणि हृदय-शुगरशी संबंधित काहीही झालं तर तीन वर्षं क्लेम नाही. आता आधीच्या आजाराला तीन वर्षांपेक्षा जास्त थांबवता येत नाही, पूर्वी चार वर्षं चालायचं, २०२४मध्ये आयआरडीएआयने, म्हणजे विम्याच्या नियामक संस्थेने, ते कमी केलं. पण एकोणसत्तर वर्षांच्या माणसाला तीन वर्षं थांबा म्हणजे काय.

आणि ऑफिसच्या ग्रुप पॉलिसीत मात्र हे काहीच नाही! आधीचे आजार पहिल्या दिवसापासून कव्हर, ना रक्त तपासणी ना प्रश्न, नाव आणि जन्मतारीख टाकली की झालं. फक्त आईवडलांचा प्रीमियम आपल्या पगारातून कापून घेतात. कव्हर ३ लाखांचं, त्यात २० टक्के को-पे, म्हणजे मंजूर झालेल्या बिलातला पाचवा हिस्सा आपण भरायचा. दोघांचे मिळून ३४,५०० अधिक १८ टक्के जीएसटी, ४०,७१०. तीन महिन्यांच्या पगारातून समान कापणार. ठीक आहे म्हटलं, करून टाकू, मंगळवारी लंचनंतर डबा बाजूला सारून पोर्टल उघडलं.

आणि तिथे तो प्रश्न.

आईवडील किंवा सासूसासरे. शेजारी शेजारी दोन गोल. एकावर क्लिक केलं की दुसरा आपोआप पुसला जातो. मी तीन-चार वेळा करून पाहिलं, काय सांगू, गंमत म्हणून नाही, खरंच मला वाटलं कुठेतरी "दोन्ही" असेल खाली स्क्रोल केल्यावर. नाही. एचआरच्या मुलीला फोन लावला, ती बिचारी दिवसभर हेच ऐकत असणार, म्हणाली मॅडम एकच सेट घेता येतो, आणि क्रॉस पण चालत नाही म्हणजे तुमचे वडील आणि मिस्टरांची आई असं पण नाही. आणि एकदा निवडलं की तीन वर्षं बदलता येत नाही. मी म्हटलं बरं. लॅपटॉप बंद केला.

आता आमचं घर कसं आहे ते सांगते म्हणजे कळेल. आम्ही ठाण्याला वर्तकनगरमध्ये, सासूसासरे आमच्याच बरोबर, किंवा खरं सांगायचं तर आम्ही त्यांच्याबरोबर कारण घर त्यांचं आहे. नवऱ्याचं छपाईचं दुकान, बोर्ड-फ्लेक्स-लग्नपत्रिका, त्यामुळे त्याच्या बाजूने ग्रुप मेडिक्लेम वगैरे काही नाही. दादा तळेगावला कॉन्ट्रॅक्टवर, त्याच्याकडे ईएसआय, म्हणजे कमी पगारवाल्यांचा सरकारी विमा, होतं तेही पगार मर्यादेच्या वर गेल्यावर सुटलं. म्हणजे दोन्ही घरांत मिळून ही अशी सोय असलेली माणूस एक मीच. आईअण्णा कोपरखैरण्याला. आणि माझं ऑफिस ऐरोलीला, ट्रान्स-हार्बरवर जवळजवळ मधोमध, एका बाजूला दिघा आणि ठाणे, दुसऱ्या बाजूला रबाळे, घणसोली, कोपरखैरणे. लग्न झाल्यावर सुरुवातीला मी गमतीने म्हणायचे की संध्याकाळी जी गाडी आधी येईल तिकडे जाईन. त्या मंगळवारी प्लॅटफॉर्मवर उभी राहून तेच आठवत होतं आणि अजिबात गंमत वाटत नव्हती.

घरी सांगितलंच नाही दोन दिवस. मनात हिशेब पक्का होता की अण्णांना घ्यायचं, कारण त्यांना दुसरं कोणी घेणारच नाही. पण हे सासूबाईंसमोर तोंडातून काढायचं कसं? ज्यांनी लेकीला सात वर्षं सांभाळलं, माझा डबा अजूनही त्या भरतात, त्यांना म्हणायचं की एक जागा होती आणि ती मी माहेरी दिली? नवऱ्याला रात्री सांगितलं तर तो आधी म्हणाला "दे ना तिकडे, त्यात काय", मग लाइट बंद केल्यावर दहा मिनिटांनी अंधारात "पण आईबाबांचं काय मग?" आणि नंतर दोघंही झोपल्याचं नाटक करत जागे.

गुरुवारी फुटलंच. जेवताना. नानांनी, म्हणजे सासऱ्यांनी, सहज विचारलं "तुमच्या ऑफिसात ते इन्शुरन्सचं चालू असेल ना आता, गेल्या वर्षी याच दिवसांत म्हणाली होतीस." नानांची स्मरणशक्ती म्हणजे शाप आहे. वागळे इस्टेटमधल्या एका कंपनीत ते स्टोअरकीपर होते, एकेक नट-बोल्ट नोंदवायची सवय, आता कंपनी नाही पण सवय आहे. मी म्हटलं हो चालू आहे. आणि मग सगळं सांगून टाकलं, दोन गोल, एकच क्लिक, तीन वर्षं. अण्णांचं नाव मी घेतलंच नाही पण कोणाला कळायचं राहिलं होतं?

सासूबाई काही बोलल्या नाहीत. आमटी वाढली. मग म्हणाल्या "तुला योग्य वाटेल ते कर बाई." ज्यांना सासू आहे त्यांना या वाक्याचं भाषांतर नको.

शुक्रवारी सकाळी चहा मला माझा करून घ्यावा लागला. भांडण नाही, आवाज नाही, फक्त माझा कप ओट्यावर कोरडा उपडा.

खरं तर विषय क्लिष्ट नव्हताच. कागदावर मांडला तर सरळ होता, आणि शनिवारी मी तो खरोखरच कागदावर मांडला, लेकीच्या रफ वहीत. ज्याला बाहेर कोणी घेत नाही त्याला ग्रुपमध्ये टाकायचं, कारण तिथे तपासणी नाही. ज्यांना बाहेर पॉलिसी मिळू शकते, म्हणजे ज्यांची तब्येत बरी आहे, त्यांना आत्ताच बाहेरची स्वतंत्र पॉलिसी काढून द्यायची, कारण आज मिळतेय ती उद्या मिळेलच असं नाही. पूर्वी अनेक कंपन्या पासष्टनंतर नवीन माणूस घेतच नसत, आता वयाचं बंधन २०२४पासून काढलंय, पण कंपनीने नाही म्हणायचं ठरवलं तर ती म्हणू शकतेच. आणि ऑफिसचं कव्हर म्हणजे भाड्याचं घर, नोकरी आहे तोपर्यंत. आमच्या मजल्यावरचा एकजण गेल्या वर्षी कमी केला गेला, त्याचं शेवटच्या दिवशी लॅपटॉप आणि मेडिक्लेम दोन्ही जमा. त्याच्या आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन पुढच्या आठवड्यात होतं. त्याला नंतर कोणीतरी सांगितलं की बाहेर पडताना त्याच इन्शुरन्स कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जायची सोय असते, आधीची वर्षं धरली जातात, पण ते त्याला वेळेवर सांगणार कोण.

म्हणजे जरा उलटं बघितलं तर पक्की गोष्ट सासूसासऱ्यांना मिळत होती आणि भाड्याची आईअण्णांना! हे मी नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला हे असंच आईला सांग. मी म्हटलं तू सांग, तुझी आई आहे. मग कोणीच सांगितलं नाही.

रविवारी कोपरखैरण्याला गेले. अण्णांना प्रीमियमचा तक्ता मोबाइलवर दाखवला, त्यांनी चष्मा कपाळावर चढवला आणि मोबाइल लांब धरून बोटाने आकडे वाचले. "चाळीस हजार सातशे दहा. आणि बिलातले वीस टक्के पुन्हा आपलेच." हो. "म्हणजे मागच्या वेळचं बिल धरलं तर चोपन्न हजार आपण." हो अण्णा. "मग ही पट्टीच झाली की. माल शंभराचा, आणि अडत, हमाली, तोलाई सगळं वजा जाता हातात काय ते बघायचं." एकतीस वर्षं शेतकऱ्यांच्या पट्ट्या लिहिलेला माणूस, त्याला इन्शुरन्स मी काय समजावणार, त्यानेच मला समजावला.

मी त्यांना रूम रेंटचं सांगितलं, ते तर ऐकाच तुम्ही पण, कारण निम्म्या लोकांना हे बिलाच्या दिवशी कळतं. आमच्या पालकांच्या कव्हरमध्ये रूमला रोज सम इन्शुअर्डच्या, म्हणजे एकूण कव्हरच्या, १ टक्का मर्यादा आहे, ३ लाखांचा १ टक्का म्हणजे ३,००० रुपये. ठाण्यात-नवी मुंबईत बऱ्या हॉस्पिटलात सिंगल रूम त्यात कुठे बसते? आमच्या टीममधल्या एकाने वडलांच्या हर्नियाच्या वेळी ६,००० ची रूम घेतली, त्याला वाटलं वरचे ३,००० रोजचे आपण भरू, दोन दिवसांचे सहा हजार, जाऊ दे. तसं नसतं. रूम दुप्पट घेतली की डॉक्टरची फी, ऑपरेशन थिएटर, नर्सिंग हे सगळंच त्या प्रमाणात, म्हणजे निम्मंच धरतात. ८० हजारांतले ४० त्याच फटक्यात गेले, आणि उरलेल्यावर पुन्हा २० टक्के को-पे. औषधं, तपासण्या, आत बसवलेली जाळी यांना ही कात्री लागत नाही एवढंच काय ते नशीब. कारण काय तर हॉस्पिटलं रूमच्या दर्जाप्रमाणे बाकीचे दरही बदलतात, तेच ऑपरेशन, तोच डॉक्टर, पण जनरलला एक भाव आणि डिलक्सला दुसरा.

अण्णा म्हणाले "मार्केटमध्ये पण असंच. गोणी तीच, गाळा बदलला की भाव बदलतो." मग थोडं थांबून, "मी जनरलमध्येच राहीन. माणसं असतात तिथे बोलायला."

आईने विचारलं आणि तिकडे काय म्हणाले? मी म्हटलं काही नाही, ठीक आहे. आईने एकदा माझ्याकडे बघितलं आणि परत जाताना डब्यात तिळाची चटणी दिली, सासूबाईंना आवडते म्हणून, दोन डबे.

सोमवारी नानांनी पेपरची कात्रणं काढली. त्यांच्याकडे एक फायलीची पेटी आहे, तीत सगळं मिळतं. एक कात्रण, गेल्या वर्षीचं, की कॅशलेसला, म्हणजे बिल कंपनीने थेट हॉस्पिटलला भरायच्या मंजुरीला, कंपनीने तासाभरात उत्तर दिलं पाहिजे आणि डिस्चार्जच्या वेळी तीन तासांत, उशीर झाला तर तेवढ्या वेळेचा हॉस्पिटलचा जादा खर्च इन्शुरन्स कंपनीने सोसायचा. दुसरं कात्रण सत्तर वर्षांवरच्यांच्या आयुष्मान कार्डाचं, ऑक्टोबर २०२४मध्ये सुरू झालं ते वय वंदना, ५ लाखांपर्यंत, उत्पन्नाची अट नाही. नाना एकाहत्तर. "मला हे मिळतंय की. मग माझा प्रश्नच नाही. राहिली ती हीच." आणि सासूबाईंकडे बघितलं. त्या सहासष्ट.

"माझा कसला प्रश्न?" सासूबाई. "मला काही झालेलं नाही आणि होणारही नाही."

मी आणि नवऱ्याने संध्याकाळी मोबाइलवर नानांचं कार्ड काढलं, आधारवर ओटीपी, मग फोटो, चार वेळा कारण नाना डोळे मिटायचे. निघालं. पण ते कार्ड योजनेतल्या हॉस्पिटलांतच चालतं, आपल्या नेहमीच्या डॉक्टरकडे चालेलच असं नाही, म्हणून तेवढ्यावर सोडायचं नव्हतं. शिवाय सासूबाईंना अजून चार वर्षं. मग दोघांची मिळून बाहेरची ५ लाखांची फ्लोटर बघितली, प्रीमियम ५८,४००. त्यात एक बरं झालं की २२ सप्टेंबर २०२५पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा जीएसटी शून्य झालाय, नाहीतर १०,५१२ वर लागले असते. ग्रुपवर मात्र अजून १८ टक्के आहेच, म्हणजे अण्णांच्या प्रीमियमवर टॅक्स आणि नानांच्या प्रीमियमवर नाही, याचं लॉजिक मला विचारू नका.

हा प्रीमियम नवऱ्याने त्याच्या खात्यातून भरायचा असं ठरलं. मानापमानासाठी नाही, इन्कम टॅक्समधल्या वजावटीसाठी. सून सासूसासऱ्यांचा प्रीमियम भरते तेव्हा तिला त्यावर वजावट नाही, कायद्यात पालक म्हणजे स्वतःचेच. मुलाला मिळते, पालक साठच्या वर असतील तर ५० हजारांपर्यंत, तीही जुन्या टॅक्स पद्धतीत असाल तरच. आणि रोख भरली तर नाही. तो जुन्यात आहे, मी नव्यात, त्यामुळे माझे ४०,७१० तर तसेही कोरडेच.

मग फॉर्म. ही खरी परीक्षा निघाली. ग्रुपमध्ये काही विचारत नाहीत म्हटलं ना, इथे सगळं विचारतात. आधीचे आजार, ऑपरेशनं, चालू औषधं, तंबाखू. नाना एकेक उत्तर तारखेसकट. सासूबाईंची पाळी आली. बीपी? नाही. शुगर? नाही. कोणती गोळी चालू? नाही. मी लिहीत गेले. नाना वर्तमानपत्रातून डोकं न काढता म्हणाले "आणि ती सकाळची पांढरी कसली?"

शांतता.

चार वर्षं बीपीची गोळी घेत होत्या! देवघराच्या खणात, उदबत्तीच्या पुड्याच्या मागे पाकीट. नाक्यावरच्या डॉक्टरने दिलेली, दर तीन महिन्यांनी भाजी आणायला जाताना दाखवून यायच्या. कोणालाच माहीत नाही, म्हणजे नानांना माहीत होतं असं आता कळलं पण ते कधी बोलले नाहीत. नवरा आधी चिडला मग गप्प झाला. "अगं आई सांगायचं ना." "काय सांगायचं त्यात, गोळी घेतली की बरं असतं. सगळे मागे लागले असते मीठ कमी कर, लोणचं नको."

आता एजंटचा सल्ला काय तर सोडून द्या, बीपी काय सगळ्यांनाच असतं, लिहू नका, प्रीमियम वाढेल. मी साफ नाही म्हटलं. लपवलेलं नंतर सापडलं तर क्लेमही नाकारतात आणि पॉलिसीही रद्द करू शकतात. सलग पाच वर्षं पॉलिसी चालली की मग लपवलं म्हणून क्लेम नाकारता येत नाही, फसवणूक सिद्ध केली तरच, पण पाच वर्षं धास्तीत काढायची कशाला. लिहिलं, गोळीच्या नावासकट. घरी येऊन रक्त घेऊन गेले, ईसीजीला नानांना आणि त्यांना रिक्षाने नेलं. शेवटी पॉलिसी आली, थोडं लोडिंग लागलं, बीपी आणि त्यातून होणाऱ्या गोष्टींना तीन वर्षं वेटिंग, मोतीबिंदू, हर्निया, गुडघे बदलणं वगैरेला सगळ्यांनाच असतं तसं दोन वर्षं. म्हणजे या तीन वर्षांत बीपीमुळे काही झालं तर आपलं आपणच. हे मी सासूबाईंना सरळ सांगितलं. त्यांनी विचारलं "आणि तुझ्या ऑफिसच्यात टाकलं असतंस तर?"

तर पहिल्या दिवसापासून मिळालं असतं.

हे मी खोटं बोलू शकले असते. नाही बोलले. त्यांनी मान हलवली आणि म्हणाल्या "बरं. अण्णांना स्टेंट आहे. माझी गोळीच आहे." आणि उठून कुकर लावायला गेल्या. हे इतकंच. मला वाटत होतं त्या काहीतरी लागेलसं बोलतील, त्याची तयारीही केली होती, त्यामुळे उलट जास्तच लागलं.

अरे हो, क्रम चुकला. पॉलिसी नंतर आली, आधी बारा तारीख. शुक्रवार. पोर्टलवर दुपारपासून सगळी कंपनी तुटून पडलेली, पेज अर्धं उघडायचं आणि गोल गोल फिरायचं. तीनला माझी मीटिंग, ती चार चाळीसपर्यंत लांबली कारण एकाला स्लाइड वाचून दाखवायची सवय आहे. चार पंचेचाळीसला लॉगिन. आईवडील या गोलावर क्लिक. अण्णांची जन्मतारीख आधारवर १ जून आहे, त्या पिढीतल्या निम्म्या लोकांची तीच, शाळेत नाव घालताना मास्तरांनी ठोकलेली. आईचं नाव आधारवर एक, पॅनवर दुसरं. इन्शुरन्सला आधारप्रमाणेच टाका, क्लेमच्या वेळी हॉस्पिटल आधारच मागतं आणि स्पेलिंग जुळलं नाही की टीपीएच्या, म्हणजे क्लेम बघणाऱ्या मधल्या कंपनीच्या, डेस्कवर मेल-मेल खेळत बसावं लागतं. चार चोपन्नला सबमिट. स्क्रीनवर आलं, तुमची निवड नोंदवली आहे. निवड! शब्द बघा.

सुपर टॉप-अप पण तिथेच होता, आमच्या तिघांसाठी, ५ लाखांच्या वर आणखी १० लाख, स्वस्तात. पण वाचायला सहा मिनिटं उरली होती, आणि टॉप-अप आणि सुपर टॉप-अपमधला फरक मला तेव्हा पक्का माहीत नव्हता म्हणून सोडला. आता माहीत आहे. साध्या टॉप-अपमध्ये प्रत्येक वेळचं बिल स्वतंत्रपणे ५ लाखांच्या वर गेलं पाहिजे, सुपरमध्ये वर्षभराची सगळी बिलं मिळून. वर्षात तीन-तीन लाखांची दोन ॲडमिशनं झाली तर साधा काही देत नाही, सुपर वरचा एक लाख देतो. पुढच्या डिसेंबरात घेईन, किंवा बाहेरून आधीच.

जानेवारीत ई-कार्डं आली. अण्णांनी त्यांचं प्रिंट काढून लॅमिनेट करून घेतलं, कोपरखैरण्यातच, तीस रुपये, आणि शर्टाच्या खिशात ट्रेनच्या पासाशेजारी. मला फोन करून तक्रार की यावर फोटो नाही, कोणीही आपला म्हणून वापरेल. मी म्हटलं अण्णा तुमच्या नावाने कोणी हॉस्पिटलात ॲडमिट व्हायला येणार नाही.

सासूबाईंनी त्यांच्या पॉलिसीचं पुस्तक पूर्ण वाचलं. पूर्ण! तीस दिवस असतात ना, पटलं नाही तर परत करायला, त्याचा असा उपयोग करणारी ही पहिलीच बाई असेल. दुपारी झोपाळ्यावर चष्मा लावून मोठ्याने, "नाना, पॅराग्लायडिंगला काही झालं तर देणार नाहीत हं." नाना पेपरातून, "मग रद्द करतो." लोणचं मात्र अजून चालूच आहे, आता उघड.

चहाचं म्हणाल तर तो दहाव्या दिवशी परत आला, काही न बोलता, माझ्या कपात.

परवा लिफ्टमध्ये पाचव्या मजल्यावरच्या काकू भेटल्या. एरवी भरभरून बोलतात, परवा नुसत्या बघत राहिल्या, मग माझा दंड धरून म्हणाल्या, "घरोघरी मातीच्या चुली गं, पण या वयात त्यांना वेगळं काढायचं म्हणजे..." मला काही टोटल लागेना. घरी येऊन विचारलं तर सासूबाई पोळ्या लाटता लाटता म्हणाल्या, "मी कुठे काय म्हटलं? मेडिक्लेमचं विचारत होती ती. मी म्हटलं सुनेने आमचं वेगळं काढलंय."

मी म्हटलं आई, पुढे पॉलिसी हा शब्द तरी लावायचा.

"लावणार होते, तेवढ्यात तिचा मजला आला."